पांढऱ्याचा लाल होताना

माझे बाबा रायपूरच्या भनपुरीतल्या एका आरा मिलमध्ये, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत, मिस्त्री होते. ओंडका मशीनच्या पाटावर चढला की तो कोणत्या बाजूने चिरायचा, पहिला काप कुठून घ्यायचा, गाठ कुठे सोडायची हे ते ठरवायचे. आम्ही राहायचो बीरगांवला. आजोबा भंडाऱ्याकडून कारखान्याच्या कामासाठी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात आमची मराठी, गल्लीत हिंदी, आणि शेजारणींशी आईची छत्तीसगढी. बाबा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या आधी लाकडाचा वास दारात यायचा. आज साग होता की साल होता की शिसव, हे आई त्यांच्याकडे न बघता सांगायची.

मी सातवीत असेन. बाबांनी एकदा बीजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाच्या चार चिपा खिशातून आणल्या. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चिपा त्यात टाकल्या आणि ग्लास खिडकीत ठेवला. दुपारचं जेवण झाल्यावर मला हाक मारली. पाणी चहासारखं पिवळट झालं होतं. बाबांनी ग्लास उचलून उन्हात तिरपा धरला, आणि त्या पिवळ्या पाण्याच्या कडेने निळा रंग चमकला, मोराच्या मानेसारखा.

"रंग कोणी टाकला यात?" मी विचारलं.

"झाडानं," बाबा म्हणाले. "मी तं फक्त पाणी टाकलं."

शाळेच्या पुस्तकात पुढे 'विकर' नावाचा धडा आला. सजीवांच्या शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, म्हणजे विकर. कॉलेजात गेल्यावर सगळे त्यांना एन्झाइम म्हणायला लागले, मीही म्हणायला लागले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले, आणि संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी फार विचार न करता बीजा म्हणून मोकळी झाले. माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, बीजाच का? मी सांगितलं, औषधी झाड आहे, त्यावर काम कमी झालंय. ग्लासातल्या पाण्याचं सांगायला मला तेव्हा लाज वाटली असावी.

विषय थोडक्यात असा होता. झाडाचं खोड जाड होतं ते बाहेरच्या बाजूने. सालीच्या लगत दरवर्षी नवं लाकूड तयार होतं. त्या लाकडाच्या पेशींच्या भिंतींत लिग्निन भरलं जातं, आणि त्यामुळे झाड ताठ उभं राहतं. लिग्निन नसतं तर सागाचं झाडही पालकाच्या जुडीसारखं लोळलं असतं. हे लिग्निन ज्या लहान लहान रेणूंपासून बनतं ते पेशीतली एन्झाइम एकेक पायरीने घडवतात, आणि भिंतीत बसलेली दुसरी एन्झाइम त्यांना एकमेकांत गुंतवतात. पण त्याच कच्च्या मालाला वाटेत फाटे फुटतात. एका फाट्याने लिग्निन होतं, दुसऱ्या फाट्याने रंग, कडूपणा, वाळवीला नको असलेले पदार्थ. या सगळ्या कुळाला फिनॉलिक संयुगं म्हणतात. बीजाच्या खोडात बाहेरून पांढरं लाकूड असतं आणि आत तांबूस-लाल गाभा. आज जे पांढरं आहे ते काही वर्षांनी गाभ्यात जमा होतं. पांढऱ्या लाकडात ज्या थोड्या पेशी जिवंत उरलेल्या असतात, त्या मरण्याआधी ही संयुगं तयार करतात आणि आजूबाजूला भरून ठेवतात. हे काम कोणती एन्झाइम करतात आणि केव्हा, ते मला शोधायचं होतं.

दोन वर्षं मला काहीही मिळालं नाही.

काम असं चालायचं: महानदीच्या पलीकडल्या जंगलात परवानगी घेऊन जायचं, पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायची, ती तिथेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची, आणि रायपूरला आणून खलात दळायची. दळलं की सगळा अर्क तपकिरी व्हायचा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तसाच प्रकार. फिनॉलिक संयुगं हवेला लागली की एन्झाइमला चिकटतात आणि एन्झाइम निकामी होतात. ही संयुगं शोषून घेणारी पावडर घातली, सगळं बर्फात ठेवलं, व्हिटॅमिन सी घातलं. रंग थांबला. पण एन्झाइमचा मागमूस नाही. ज्या एन्झाइमने ही सगळी वाट सुरू होते, त्याचं काम मोजायला मशीनमध्ये नमुना ठेवायचे आणि आकडा जागचा हलायचा नाही. लॅबमध्ये एक अटेंडंट भैया होते, वयाने बाबांएवढे. ते रोज दुपारी दारातून डोकं आत घालून, झालं का म्हणून विचारायचे, "होइस का दीदी?" मी नकाराची मान हलवायचे आणि ते चहा आणायला जायचे. ते न विचारते तर मला जास्त बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, रोज विचारणारं कोणीतरी होतं म्हणून मी रोज जात राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मॅडमनी मला समोर बसवलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. म्हणाल्या, आपण झाड बदलू. निलगिरी घे, त्याच्यावर सगळ्या पद्धती तयार आहेत, वर्षात काम होईल. रविवारपर्यंत विचार करून सांग.

रविवारी बाबा घरी होते. ओट्यावर बसून हातांना खोबरेल तेल चोळत होते. त्यांच्या तळहातांच्या मागच्या बाजूला खाज यायची, कातडी फुटायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते तेल म्हणजे संध्याकाळच्या चहासारखीच एक गोष्ट होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की मी विषय सोडून राहिले.

"काहून?"

"काही भेटूनच नाही राहिलं, बाबा. दोन वर्षं झाली."

"काय भेटून नाही राहिलं? मले समजंल असं सांग."

मी सांगायला लागले. एन्झाइम, अमिनो आम्ल, असं एक वाक्य बोलले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मग म्हटलं, "बीजाचं पांढरं लाकूड असतं ना, त्याचा लाल गाभा कसा होते, ते पाहून राहिले मी."

बाबांचा तेलाचा हात थांबला. "हे पाहून राहिली तू? दोन वर्षांपासून?"

"हो."

"मंग मले काहून नाही विचारलं?"

खरं उत्तर असं होतं की मला सुचलंच नाही. ज्या लाकडावर मी पुस्तकं वाचत होते ते लाकूड माझ्या घरातला माणूस रोज उभं चिरत होता, आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कधी शेजारी आल्याच नव्हत्या. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. नंतर म्हणाले, मले वाटलं तुमचं पुस्तकाचं काम, आपण मधात काहून बोलावं.

"लाकूड कवा आणतं तू?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात. नाहीतर जूनच्या सुरुवातीला. तेव्हाच जंगलातला रस्ता चांगला असतो."

"आणि कुठून?"

"पांढऱ्यातून. जिवंत पेशी तिथंच जास्त असतात."

बाबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सरकारी डेपोतून येते तो ओंडका मुर्दा असते, त्याच्यात काही दिसत नाही. पण एखाद्याच्या मालकीच्या जमिनीवरचं झाड कापून दुसऱ्या दिवशी मशीनवर आलं, तर दिसते. पांढऱ्याच्या आणि लालाच्या मधात एक पट्टी असते. अर्ध्या बोटाएवढी. ना पांढरी, ना लाल. थंडीत कापलेलं झाड असंल, तर ती पट्टी आमच्या डोळ्यांसमोर रंग धरते. चहा पिऊन येत नाही तं लाल. उन्हाळ्यात कापलेल्या झाडात नाही धरत. तशीच्या तशी राहते."

"दरवेळी?"

"दरवेळी कोण पाहते? पण पाहिलं तेव्हा असंच पाहिलं."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. मग वही आणून लिहून घेतलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. ती म्हणाली, बापाची जबानी घेऊन राहिली का?

सोमवारी मी मॅडमकडे गेले आणि हिवाळा संपेपर्यंतची मुदत मागितली. कारण विचारलं तेव्हा या वेळी लपवलं नाही. वडील आरा मिस्त्री आहेत, ते असं असं म्हणतात. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आपण दोन वर्षं आपल्या सोयीच्या महिन्यात नमुने घेतले, झाडाच्या सोयीच्या नाही. जा.

डिसेंबरात एका सकाळी बाबांचा फोन आला. मिलच्या मशीनचा आवाज मागे होता, ते ओरडून बोलत होते. "ओला बीजा आला! परवानगीचा हाय, कागद पाहिले मी. काल कापला. ये लवकर!"

नायट्रोजनचा डबा मांडीवर धरून मी ऑटोने भनपुरीला गेले. आत गेले तर बाबांनी मशीन बंद करून ठेवलं होतं, मालकांना काय सांगितलं होतं कोण जाणे. ओंडक्याचं वाळलेलं तोंड कापून टाकायला त्यांनी मशीन सुरू केलं, नवा काप घेतला आणि पुन्हा बंद केलं. ताजं कापलेलं लाकूड समोर होतं. बाहेर पांढरं, आत लाल, आणि मध्ये, त्यांनी सांगितली होती तेवढीच, एक फिकट पट्टी.

"आता पाहा," बाबा म्हणाले.

चहा आला. मी चहा हातात घेऊन उभी राहिले आणि पीत नव्हते. ती पट्टी आधी मळकट पिवळी झाली, मग विटेच्या रंगाकडे सरकली. बाबांनी बोटाने दाखवलं, "इथून सुरू होऊन राहिला." एखादं माणूस आपल्यासमोर विचार करतंय असं ते दिसत होतं. रंग आधीपासून तिथे नव्हता, तो तिथे त्या क्षणी तयार होत होता. म्हणजे तो तयार करणारं काहीतरी तिथे जिवंत होतं.

मी बाबांना म्हटलं, अजून एक पातळ काप घ्या, आणि या वेळी रंग यायच्या आत मला पट्टी काढून द्या. त्यांनी काप घेतला, पटाशी लावली आणि नखाएवढ्या ढलप्या सुटून माझ्या डब्यात पडल्या. डब्यातून पांढरी वाफ आली. मिलमधली माणसं लांब सरकली. बाबा सरकले नाहीत. पटाशी धरलेला त्यांचा हात जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नमुना मशीनमध्ये ठेवला आणि आकडा चढायला लागला. मी तो काढला, रिकामा नमुना ठेवून पाहिला, पुन्हा तो ठेवला. पुन्हा चढला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण मला रडू येत होतं. अटेंडंट भैयांनी मला तिथे पाहिलं आणि या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "होगे भैया." ते म्हणाले, "हव, दिखत हे." आणि चहा आणायला गेले.

एका ओंडक्यावर प्रबंध होत नाही. उभ्या झाडांतून, दर महिन्याला, वर्षभर नमुने घ्यायचे होते. जंगलात आमच्यासोबत वनखात्याची एक महिला बीटगार्ड असायची. कोणत्या झाडाला मागच्या महिन्यात गिरमिट लावलं होतं ते तिला माझ्या वहीपेक्षा चांगलं आठवायचं, आणि नमुना घेतल्यावर भोक मातीने आणि मेणाने बुजवल्याशिवाय ती मला हलू द्यायची नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी बाबाही आले. मी गिरमिट फिरवत होते, आणि ते म्हणाले, दे इकडे. डोळे मिटून फिरवायला लागले. थोड्या वेळाने थांबले. "इथं हात जड झाला. इथं तुझी पट्टी." कांडी बाहेर काढली तर पट्टी तिथेच होती, टोकावर. त्यानंतर मी ते हातानेच ओळखायला शिकले. आज माझ्या विद्यार्थिनींना मी तेच शिकवते आणि त्यांना वाटतं की हे कुठल्यातरी पुस्तकात असेल.

बाबांचं म्हणणं बरोबर निघालं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती पट्टी जवळजवळ शांत असायची, थंडी सुरू झाली की जागी व्हायची. त्या दिवसांत झाडाची बाहेरची वाढ थांबलेली असते. तेव्हा ते आत वळून जुन्या लाकडाचं काम करतं.

तोंडी परीक्षेला मी बाबांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते आणि आई शेवटच्या रांगेत बसले. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सगळे उन्हाळ्यात नमुने घेतात, तुम्हाला हिवाळा कसा सुचला? मी म्हटलं, मला नाही सुचला, माझ्या वडिलांनी सांगितलं, ते तिकडे बसलेत. सगळ्यांनी माना वळवल्या. बाबांना काय करावं कळेना, ते उभे राहिले. परीक्षक खुर्चीतून उठून मागे गेले आणि त्यांना म्हणाले, आप बैठिए. मग तिथेच, शेवटच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसून, साल आणि साजा या झाडांबद्दल त्यांना विचारत राहिले. मी पुढे पडद्याजवळ एकटी उभी होते. मॅडम माझ्याकडे पाहून हसत होत्या.

एक गोष्ट मला या सगळ्यात उशिरा कळली, आणि ती लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. प्रबंधासाठी वाचताना मी एका प्रकरणात थांबले. काही लाकडांच्या, विशेषतः शिसवाच्या कुळातल्या लाकडांच्या भुशाने कातडीला त्रास होतो, असं त्यात होतं, आणि तो करणारे पदार्थ फिनॉलिकच्याच कुळातले. झाड ते कीड आणि बुरशीसाठी बनवतं. माणसाच्या हाताशी त्याचं काही वैर नाही, पण हाताला ते कळत नाही. म्हणजे संयुगांच्या ज्या कुळावर मी पदवी मिळवत होते त्यानेच बाबांचे हात इतकी वर्षं फुटत होते, आणि आम्ही त्यावर खोबरेल लावत बसलो होतो. मी त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. हातमोजे आणले, तोंडाला बांधायचा चांगला मास्क आणला. त्यांनी हातमोजे दोन दिवस घातले आणि काढून ठेवले. हातमोज्यात लाकूड समजत नाही म्हणाले. मी भांडले. शेवटी असं ठरलं की शिसव असेल त्या दिवशी घालायचे, बाकी दिवस नाही. ते त्यांनी पाळलं. मलमाने आणि त्या हातमोज्यांनी हात पुष्कळ बरे झाले. दहा वर्षं आधी मी हे वाचलं असतं तर, असं मी एकदा बोलून गेले. बाबा म्हणाले, दहा वर्षं आधी तू दहावीत होती.

आता ते निवृत्त आहेत. मी रायपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात शिकवते. वर्षातून एकदा, थंडीत, मी त्यांना वर्गात बोलावते. ते पिशवीतून लाकडाचे कापलेले तुकडे काढून टेबलावर मांडतात आणि मुलींना एकेक हातात देतात. ते मराठीत सुरू करतात, मग हिंदीत जातात, मग पुन्हा मराठीत येतात. मराठी घरांतल्या मुलींना सगळं समजतं, पण त्या हिंदीतच उत्तर देतात. बाबांना त्याचं काही वाटत नाही. मागच्या खेपेला मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून लाकडाचा एक पातळ काप दाखवला. त्यावर एक रसायन घातलं की लिग्निन असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो. बाबांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मुली वाट बघत उभ्या होत्या.

"हे गुलाबी सगळं लिग्निन?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हे चिरत होतो मी?"

"हेच."

ते बाजूला झाले, एका मुलीला म्हणाले, "देख बेटा, देख," आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.